दर पावसाळ्यात जुन्या पैठणीवर परत येणारी बुरशी: कारण कुठे शोधावे आणि काय करावे

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. आजीची नऊवारी पैठणी, पणजीचा शालू, एखादा जरीचा शेला किंवा देवघरातले मखमली आसन कपाटात जपून ठेवलेले असते. गणपतीच्या सुमारास ते बाहेर काढावे, तर घडीच्या कडेने पांढरट पूड दिसते आणि कुबट वास येतो. मग ते वस्त्र गच्चीवर झटकले जाते, ऑक्टोबरच्या उन्हात घातले जाते, क्वचित ड्रायक्लीनिंगलाही जाते आणि ताज्या डांबरगोळ्यांसह त्याच कपाटात, त्याच फळीवर परत ठेवले जाते. पुढच्या श्रावणात पूड पुन्हा हजर असते. असे काही पावसाळे गेले की पुडीच्या जागी पिवळे-तपकिरी डाग पक्के होतात आणि घडीवरचे रेशीम विरू लागते.

या सगळ्यात कापडाची सफाई नेमाने होते, पण बुरशी ज्या जागेत वाढली ती जागा तपासायचे राहून जाते. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत बारा महिने असतात. ते पूर्णपणे घालवता येत नाहीत आणि तसा प्रयत्न करण्याची गरजही नाही. वस्त्राभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता (म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते) साधारण ६५ टक्क्यांच्या खाली राहिली, तर तिथे पडलेले बीजाणू रुजत नाहीत. ती ७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली, तर कितीही निगुतीने साफ केलेल्या कापडावर ते रुजतात. मुंबईत आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे कपाटाने काही अडवले नाही तर बुरशी येणार हे ठरलेलेच आहे. म्हणून या दुखण्याचा शोध पैठणीपासून सुरू झाला तरी तो कपाटाच्या मागच्या भिंतीपर्यंत न्यावा लागतो.

आधी ती बुरशीच आहे का, हे पाहावे

जुन्या वस्त्रावरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो, आणि चुकीच्या निदानावर केलेला उपाय बुरशीपेक्षा जास्त नुकसान करतो. चांगल्या उजेडात, साध्या दहापट भिंगाने पाहिले तर बराच उलगडा होतो. वाढती बुरशी भिंगाखाली केसाळ दिसते. ताण्या-बाण्याच्या धाग्यांवर बारीक तंतू उभे असतात आणि त्यातल्या काहींच्या टोकाला करडे, हिरवट किंवा काळे मणी असतात. हे मणी बीजाणूंचे असतात. अशा जागी मऊ कुंचल्याचे टोक लावले तर ते तंतू चिकटतात आणि फासल्यासारखे पसरतात. सुप्तावस्थेतली बुरशी कोरडी असते आणि त्याच कुंचल्याने तिची पूड होऊन ती सुटते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वाढत्या बुरशीला कुंचला लावणे म्हणजे ती धाग्यांच्या आत चोळणे होय.

जरीवरचा काळेपणा हा यातला सर्वांत मोठा चकवा. खऱ्या जरीत रेशमी किंवा सुती गाभ्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. मुलामा झिजला की हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते. तांब्याचे प्रमाण जास्त असलेल्या जरीवर हिरवी झाक येते. हा धातूचा गंज आहे. तो जरीची हद्द सोडत नाही, काठाच्या नक्षीतच राहतो आणि शेजारच्या रेशमावर पसरत नाही. बुरशीला जरीची तार आणि रेशीम यांतला भेद कळत नाही, त्यामुळे तिचा ठिपका दोन्हींवरून सलग जातो. काळ्या जरीला टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, चिंच किंवा भांड्यांची पावडर लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काळेपणाबरोबर उरलासुरला मुलामाही जातो आणि पाणी गाभ्यातल्या धाग्यात मुरते.

दुसरा चकवा कसरीचा. कसर कापड आणि खळ कुरतडते, त्यामुळे तिथे कडा अनियमित असलेली भोके किंवा घासल्यासारखे पातळ पट्टे दिसतात, आणि जवळपास बारीक विष्ठा किंवा किड्यांची टाकलेली कात सापडते. दमट कपाटात कसर आणि बुरशी दोन्ही एकत्र नांदतात हे खरे, तरी त्यांचे उपाय वेगळे आहेत. तिसरी गोष्ट छापील सुती वस्त्रांबाबत: जुन्या छिटांमध्ये काळ्या रेषा लोहयुक्त रंगाच्या असतात आणि त्या रेषांखालचे सूत काळाच्या ओघात आपोआप खाल्ले जाते. नक्षीच्या काळ्या कडांपुरतेच कापड विरले असेल आणि मधला भाग धड असेल, तर ते बुरशीचे काम नव्हे.

एकाच जागी पुन्हा का येते

बुरशीला ओल लागते तसे खाद्यही लागते, आणि ती नेमकी कुठे उगवली आहे यावरून खाद्य कोणते हे बहुधा कळते. शुद्ध केलेल्या रेशमाचा मुख्य घटक, फायब्रॉइन, बुरशीला सहज पचत नाही. रेशमावर शिल्लक राहिलेला डिंकासारखा सेरिसिन, कापडाला लावलेली खळ, घाम, तूप, खोबरेल, प्रसादाचे शिंतोडे आणि हळदी-कुंकवाच्या वेळी पदराला लागलेली बोटे हे सगळे तिला मानवते. सुती धाग्यातला सेल्युलोज तर कित्येक बुरशींचे नेहमीचे अन्न आहे. काही जुन्या पैठण्यांचे अंग सुताचे आणि काठ-पदर रेशीम-जरीचे असतात. अशा पैठणीत अंग आधी जाते आणि जड पदर लोंबत राहतो.

गेल्या काही दशकांत या यादीत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे फॉल. जुन्या साडीला नेसण्याआधी फॉल-पिको करून घेण्याची रीत पडली, आणि तो फॉल बहुधा कडक खळ असलेल्या सुती पट्टीचा असतो, न धुता तसाच शिवलेला. बुरशी आलेली साडी उलगडून उलट्या बाजूने पाहिली, तर पांढरे ठिपके फॉलच्या पट्टीपुरते ओळीने मांडल्यासारखे दिसतात. फॉल संपतो तिथे ठिपकेही संपतात, आणि घडीत त्या पट्टीला टेकलेल्या अंगावर त्यांचीच फिकट छाप उठलेली असते. असे चित्र दिसल्यास मूळ कारण हातात आले म्हणावे. तो फॉल उसवून काढणे हा मोठा उपाय ठरतो. मात्र टाके एकेक करून बारीक कात्रीने कापावेत, पट्टी ओढून फाडू नये, आणि हे काम वस्त्र कोरडे झाल्यावरच करावे.

ठिपके जर घडीच्या बाहेरच्या कडांना किंवा गठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाच असतील, तर दोष खाद्यापेक्षा जागेचा आहे. लोखंडी कपाट पश्चिमेच्या बाहेरील भिंतीला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभे असणे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. भिंत ओली आणि थंड, तिला टेकलेला पत्रा थंड, आणि थंड पत्र्याजवळची हवा तेवढ्याच बाष्पावर अधिक दमट होते. हा हिशेब एकदा नीट समजून घेण्यासारखा आहे. ३० अंश तापमानाला ६० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यात पाण्याचा एक कणही न मिसळता, नुसती २५ अंशांपर्यंत थंड झाली तरी तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्के होते. २२ अंशांना ती ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. खोलीत समाधानकारक आकडा दिसत असताना कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात बुरशी माजते ती यामुळे.

हीच गोष्ट रात्रीपुरत्या चालणाऱ्या एसीला लागू आहे. एसी चालू असताना तो हवेतले पाणी काढतो, पण कपाट, भिंती आणि आतले कपडेही थंड करतो. सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा त्या थंड पृष्ठभागांवर येते. शयनगृहातल्या कपाटात बुरशी आणि बैठकीतल्या जुन्या लाकडी फडताळात काही नाही, असे ज्यांच्या घरी घडते त्यांनी आधी एसीची वेळ पाहावी.

आर्द्रता मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक ही या कामातली सर्वांत किफायतशीर खरेदी आहे. तो खोलीच्या मधोमध टांगू नये. पैठणी ज्या फळीवर असते त्याच फळीवर, मागच्या बाजूला ठेवावा, कपाट बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी दार उघडताच आकडा पाहावा. शक्य असल्यास दुसरा मापक खोलीत ठेवावा, म्हणजे दोन्हींतली तफावत कळते. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा सातत्याने जास्त असेल तर कपाटाची जागा बदलावी लागेल. दोन्ही आकडे सारखेच उंच असतील तर कपाट हलवून फार फरक पडणार नाही, खोली कोरडी करावी लागेल किंवा वस्त्र बंद डब्यात ठेवावे लागेल.

स्वस्त मापकात पाच टक्क्यांची चूक सहज असते, आणि आपला सगळा खेळ ६० आणि ७० यांच्या दरम्यानचा असल्याने ती चूक नडते. ती पडताळण्याची घरगुती पद्धत सोपी आणि विश्वासार्ह आहे. एका लहान वाटीत चार चमचे मीठ घ्यावे, त्यात ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी घालावे, वाटी आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी-शेजारी ठेवून आठ-दहा तास तसेच राहू द्यावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा सामान्य तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८० दाखवत असेल तर तो पाच जास्त दाखवतो असे समजून पुढचे सर्व आकडे तेवढ्याने कमी करून वाचावेत.

जे उपाय उलटतात

उन्हात घालणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे, आणि सुती गोधड्यांसाठी तो उत्तमच. जुन्या रेशमासाठी तो घातक ठरतो. प्रकाशाने लवकर खराब होणाऱ्या धाग्यांत रेशमाचा क्रमांक वरचा आहे, आणि संग्रहालयांत अशी वस्त्रे अवघ्या ५० लक्स उजेडात मांडतात. उन्हाने वरची बुरशी वाळते, काही मरतेही, पण आधीच अशक्त झालेल्या घडीवर उष्णता आणि अतिनील किरण दोन्ही एकाच वेळी पडतात. नैसर्गिक रंग फिके होतात ते कायमचे. सावलीत, वाऱ्यावर आणि कोरड्या दिवशी तेच काम होते, फक्त वेळ जास्त लागतो.

ड्रायक्लीनिंगचा द्रावक तेलकट मळ काढतो, त्यामुळे खाद्य काही अंशी कमी होते हे मान्य करावे लागेल. पण फिरत्या यंत्रातली आदळआपट शंभर वर्षांच्या पदराला सोसत नाही, बुरशीचे रंगीत डाग त्याने जात नाहीत आणि नंतरच्या वाफेच्या इस्त्रीने ते अधिक पक्के होतात. धुण्याच्या क्लोरीनयुक्त ब्लीचबद्दल एकच सांगायचे, की ते रेशीम आधी पिवळे करते आणि मग अक्षरशः विरघळवते. बुरशी मारण्यासाठी म्हणून त्याचा एक थेंबही लावू नये.

डांबरगोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंग, कापूर ही सगळी कुळी कीटकांसाठी आहे. त्यांचा बुरशीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही आणि हवेतली आर्द्रता एका टक्क्यानेही कमी होत नाही. वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कापडापासून दूर ठेवले तर हरकत नाही. ओला पाला मात्र घडीत ठेवला की स्वतःची ओल आणि हिरवा-तपकिरी डाग दोन्ही देऊन जातो. डांबरगोळीतल्या नॅफ्थलिनची वाफ कापडात मुरते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना तशा कपड्यांत गुंडाळल्यास रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बारशाला बाळाला जुना शेला पांघरण्याची हौस असलेल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

थायमॉलची धुरी हा एके काळी संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत रूढ असलेला उपाय आता मागे पडला आहे. त्याने त्या वेळेपुरती बुरशी दबते, पुढचे संरक्षण मिळत नाही, आणि त्याची वाफ माणसाच्या त्वचेला व श्वासमार्गाला त्रासदायक असते. घरी तो करण्याचे काहीच कारण नाही.

आत्ता बुरशी दिसली आहे, तर क्रम काय असावा

पहिली गोष्ट, वस्त्र झटकू नये. एका झटक्यात असंख्य बीजाणू खोलीभर उडतात, शेजारच्या कपड्यांवर बसतात आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाला त्रास देतात. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालूनच हात लावावा. घडी न उलगडता वस्त्र स्वच्छ जुन्या चादरीत ठेवून अलगद दुसऱ्या खोलीत न्यावे. त्या फळीवरचे बाकीचे कपडेही संशयित धरावेत.

बुरशी ओलसर, केसाळ असेल तर आधी फक्त कोरडे करण्याचे काम करावे, सफाईचा विचारही करू नये. भर पावसाळ्यात खिडक्या उघडून हे साधत नाही, कारण बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते. एक खोली बंद करून तिथे आर्द्रताशोषक यंत्र किंवा सलग चालणारा एसी ड्राय मोडवर लावावा, वस्त्र चादरीवर आडवे पसरावे आणि पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे हवा फिरते पण झोत थेट कापडावर येत नाही. मापक ५० ते ५५ टक्क्यांवर येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिला की बुरशी वाळून सुप्तावस्थेत जाते. हेअर ड्रायर वापरू नये आणि आर्द्रता ४० च्या खालीही नेऊ नये, कारण फार कोरडे रेशीम ठिसूळ होते आणि घडीवर तुटते.

त्यानंतर सफाई. व्हॅक्यूम क्लीनर हेपा फिल्टरचा असावा. साधा असेल तर तो पुढून ओढलेले बीजाणू मागून खोलीत सोडतो. ओढ सर्वांत कमी ठेवावी. कापडावर मच्छरदाणीसारखी मऊ नायलॉनची जाळी पसरावी, तिच्या कापलेल्या कडा टेपने झाकाव्यात म्हणजे त्या जरीत अडकत नाहीत. नळीचे तोंड जाळीवर घासत न नेता एका जागी टेकवावे, उचलावे आणि पुढच्या जागी टेकवावे. पुडीचा थर हट्टी असेल तर जाळी काढून मऊ कुंचल्याने ती पूड कापडावरून वर उचलत नळीच्या तोंडाकडे न्यावी. पूड हवेत उडू देऊ नये. उलटी बाजूही करावी. पैठणी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी विणलेली असल्याने उलट बाजू तपासायचे लोक विसरतात. जरीची तार सुटलेली असेल किंवा रेशीम हाताला कागदासारखे कुरकुरत असेल, तर इथेच थांबावे आणि पुढचे काम जाणकारावर सोपवावे.

सत्तर टक्के इथेनॉलने (एक प्रकारच्या अल्कोहोलने) बुरशी मारण्याची पद्धत संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणारे तज्ज्ञ, वापरतात ती प्रत्येक रंगाची चाचणी घेऊन. जुन्या लाल, जांभळ्या रंगांपैकी काही अल्कोहोलमध्ये लगेच सुटतात आणि पांढऱ्या अंगावर वाहत जातात, म्हणून घरी हा प्रयोग टाळावा. वस्त्र पुढे कोरडे राहणार असेल तर उरलेले बीजाणू रुजणार नाहीत, तेव्हा त्यांना मारण्याचा हट्ट धरण्याचे कारणही उरत नाही.

रिकामे कपाट तेवढ्याच काळजीने साफ करावे. फळ्या, मागचा पत्रा, दाराचे कोपरे आणि खणांची खालची बाजू पाण्यात कालवलेल्या अल्कोहोलने पुसावी, दोन दिवस दारे उघडी ठेवून खोली कोरडी ठेवावी. जुने वर्तमानपत्री अस्तर टाकून द्यावे. त्यात आम्ल, शाई आणि मागच्या वर्षीची बुरशी असे तिन्ही असते.

ठेवणीची पद्धत बदलल्याशिवाय चक्र तुटत नाही

कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर, खोलीतल्या आतल्या भिंतीकडे न्यावे, आणि तिथेही मागे वीतभर मोकळी जागा सोडावी. पायाखाली ठोकळे द्यावेत. पैठणी सर्वांत खालच्या किंवा मागच्या कोपऱ्यात ठेवू नये. माळा आणि पलंगाखालची पेटी या दोन्ही जागा वाईट आहेत, पहिली उन्हाने तापते आणि दुसरी फरशीची ओल धरते.

प्लास्टिकच्या पिशवीबद्दल बरेच गैरसमज आहेत. ६५ टक्के आर्द्रतेला रेशीम आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी धरून असते, म्हणजे अर्धा किलो रेशमात पन्नासएक ग्रॅम पाणी हाताला अजिबात ओलसर न लागता मुरलेले असते. अशी सादळलेली साडी पावसाळ्यात पिशवीत बंद केली की रात्री तापमान उतरताच तेच पाणी पिशवीच्या आतल्या बाजूला जमू शकते. साड्यांच्या दुकानातल्या चेन लावलेल्या पारदर्शक पिशव्या अनेकदा पीव्हीसीच्या असतात, आणि त्या जुन्या होताना आम्लयुक्त वायू सोडतात. त्या जरीला तर मुळीच नकोत.

बंद डब्याची पद्धत मात्र नीट वापरली तर समुद्रकिनाऱ्यावरच्या घरांत तीच सर्वांत खात्रीची ठरते. सगळे काही डबा कधी बंद केला यावर अवलंबून आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी, मापक ५० च्या आसपास असताना पैठणी काही तास सावलीत पसरून ठेवावी. मग ती धुऊन खळ काढलेल्या मलमलीत किंवा मांजरपाटाच्या बासनात गुंडाळून, रबरी पट्टी नसलेल्या पण घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात ठेवावी, आत मापक आणि मलमलीच्या पिशवीत सिलिका जेल ठेवावे आणि झाकणाच्या सांध्यावर टेप लावावी. डबा पारदर्शक असेल तर तो न उघडता पावसाळाभर आकडा वाचता येतो. उजेडापासून जपण्यासाठी तो कपाटाच्या आत असावा. आकडा ६० च्या वर जाऊ लागला तर जेल बदलावे. रंग बदलणारे जेल नारिंगी जातीचे घ्यावे, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराईड असते आणि ते आरोग्याला चांगले नाही. भिजलेले जेल उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये, साधारण १२० अंशांच्या आसपास, तापवले की पुन्हा वापरता येते. साध्या कपाटात जेलच्या दोन-चार पुड्या टाकण्याने काही साधत नाही. दारांच्या फटींतून येणारी हवा त्यांना काही दिवसांतच निकामी करते. ओल शोषून पाणी साठवणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे तर साड्यांच्या फळीवर ठेवूच नयेत, कारण ते कलंडले तर ते खारे पाणी जरीवर सांडेल.

रबर आणि लोकर जरीच्या सोबत ठेवू नये, कारण दोन्हींतून गंधकयुक्त वायू निघतात. काश्मिरी शाल आणि पैठणी एकाच ट्रंकेत ठेवण्याची जुनी सवय जरीच्या काळेपणामागे बऱ्याचदा असते.

घडीपेक्षा गुंडाळी बरी. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म आणि तिच्यावर धुतलेली मलमल गुंडाळून, मग पैठणी नक्षी बाहेर ठेवून सैलसर गुंडाळावी. नऊवारीची पूर्ण रुंदी मावेल एवढी लांब नळी आणि जागा सर्वांच्या घरी नसते. तेव्हा घडी घालावी, प्रत्येक घडीत खळ नसलेल्या मलमलीची सैल वळकटी भरावी म्हणजे मोड पडत नाही, आणि दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदलावी. पावसाळ्याच्या ऐन मध्यात हे काम काढू नये.

उरलेले डाग, आणि पुरात भिजलेली वस्त्रे

बुरशी गेली तरी तिने सोडलेले रंग जातातच असे नाही. कित्येक बुरशी धाग्याच्या आत रंगद्रव्ये आणि सेंद्रिय आम्ले सोडतात. ते तपकिरी, गुलाबी किंवा काळे डाग काढण्यासाठी जितका जोर लावावा तितके रेशीम कमी होते. अशा डागांसह वस्त्र सांभाळणे हाच बहुतेक वेळा शहाणा निर्णय असतो, आणि संग्रहालयांतली कित्येक नामांकित वस्त्रेही तशीच सांभाळलेली आहेत. डाग वाढतो आहे का हे कळण्यासाठी शेजारी मोजपट्टी ठेवून दरवर्षी एकाच उजेडात छायाचित्र काढावे.

संपूर्ण भिजलेल्या वस्त्राची गोष्ट निराळी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी घरांत शिरले, तेव्हा ओलेच गठ्ठे राहून गेलेली कपाटे अनेकांनी पाहिली असतील. ओल्या कापडावर बुरशी धरायला ४८ तास पुरतात. तेवढ्या वेळात सावलीत वाळवणे शक्य नसेल तर प्रत्येक वस्त्र वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत, रंग एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये स्वच्छ सुती कापड घालून, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशांना ठेवावे. थंडीने बुरशी मरत नाही, ती फक्त थांबते. पण जाणकार मिळेपर्यंत तेवढी उसंत पुरते.

जाणकार म्हणजे वस्त्रसंवर्धक. महाराष्ट्रातल्या लोकांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र जवळचे आहे. इन्टॅक या वारसा-जतन संस्थेची संवर्धन केंद्रे आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला याही याच क्षेत्रात काम करतात. विचारणा करताना वस्त्राचे दोन्ही बाजूंचे फोटो, भिंगातून घेतलेला एक जवळचा फोटो आणि कपाटातल्या आर्द्रतेचे चार-सहा आठवड्यांचे आकडे सोबत दिले तर उत्तर लवकर आणि नेमके मिळते.

शेवटचा प्रश्न नेसण्याचा. घडीवर रेशीम तुटत नसेल, जरीची तार सुटलेली नसेल आणि गेला पावसाळा बुरशीविना गेला असेल, तर एखाद्या कार्याला ती नेसायला हरकत नाही. नवा फॉल लावायचाच असेल तर तो आधी गरम पाण्यात धुऊन, खळ पूर्ण काढून, हाताने सैल टाक्यांनी लावावा आणि कार्य झाल्यावर उसवावा. अत्तर आणि स्प्रे साडी नेसण्यापूर्वी अंगाला लावून वाळू द्यावेत. कार्यक्रमाहून आल्यावर साडी त्याच रात्री घडी करून ठेवू नये, कारण कमरेजवळ आणि खांद्यावर घामाची ओल असते. स्वच्छ चादरीवर पसरून, दुसरी चादर वर घालून, पंख्याच्या मंद वाऱ्यात ती रात्रभर राहू द्यावी. आणि कार्य जर आषाढ-भाद्रपदात असेल, तर मापक ५५ वर येईपर्यंत ती कोरड्या केलेल्या खोलीतच ठेवावी आणि मगच डब्यात परत घालावी.